काडतुसांचा हिशोब

हाईथच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. त्यांच्यावर तुम्ही पालथे पडला आहात. कोपरं सोलवटली आहेत आणि इंग्लिश खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलंय. साल 1909. दक्षिण इंग्लंडातली ही लष्कराची नेमबाजीची शाळा. हातात चार किलोंची ली-एनफिल्ड रायफल आहे. तीच, जिला पुढे आपल्याकडे पोलीस ठाण्यापासून एनसीसीच्या मैदानापर्यंत सगळे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणणार आहेत. या प्रवासात गोळी तुम्हाला कुठेच लागणार नाही, एवढी सवलत घेतली आहे. बाकी वजन, धक्का, आवाज, सगळं खरं.

‘रॅपिड फायर!’

चाप ओढा. दस्ता खांद्यात आदळतो. बोल्टची मूठ वर, मागे, पुढे, खाली. मूठ चापाच्या अगदी जवळ असल्यामुळे हात लांब न्यावा लागत नाही. पितळी पुंगळी उजवीकडे उडून गोट्यांवर टणकन आपटते. मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. त्या संपल्या की पाच गोळ्यांची पत्र्याची क्लिप वरून बसवायची आणि अंगठ्याने दाबून गोळ्या खाली ढकलायच्या. नवशिक्याच्या अंगठ्याची साल जातेच. तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला पंधरा गोळ्या, त्याही नेम धरून, हा इथला दंडक. तुमच्या निम्म्याही होत नाहीत. शेजारचा सार्जंट मात्र वीस ओलांडून गेलाय आणि त्याला घामही आलेला नाही.

आता रायफल आडवी करा आणि बोल्टच्या खाली, उजव्या अंगाला पाहा. तिथे एक लहानशी पोलादी पट्टी आहे. अंगठ्याने आत ढकलली की ती सरकून मॅगझीनच्या तोंडावर बसते. मग पोटात दहा गोळ्या असूनही बंदूक एकगोळी होते. दर वेळी पाऊचमधून एक काडतूस काढा, हाताने घाला, झाडा, पुन्हा पाऊच चाचपा. या पट्टीचं नाव कट-ऑफ. मॅगझीन हा राखीव साठा; साहेबाचा हुकूम होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा तिचा अर्थ. शिपायाच्या हाती दहा गोळ्या मोकळ्या सोडल्या तर तो घाबरून भराभरा उडवून बसेल आणि ऐन वेळी रिकामा राहील, ही भीती त्या पोलादात ओतलेली आहे.

दहा गोळ्यांची बंदूक बनवायची आणि मग तिलाच कुलूप घालायचं! हसू येतं खरं. पण ही पट्टी नीट बघून ठेवा. विसाव्या शतकात ती अनेकदा वेष पालटून भेटणार आहे.

या शाळेचा मुख्य शिक्षक नॉर्मन मॅकमहॉन. नेमबाजीचं त्याला वेड, आणि सहकारी त्याला तसंच म्हणतही असत. त्याने वरिष्ठांकडे मागणी केली होती की दर बटालियनला दोनऐवजी सहा मशीनगन द्या. पैसे नाहीत, असं उत्तर आलं. मग त्याने दुसरा मार्ग धरला: यंत्र मिळत नसेल तर माणसालाच यंत्रासारखं पळवू. मिनिटाला पंधरा गोळ्यांचा दंडक त्यातून पक्का झाला. तुमचा सोललेला अंगठा ही त्या नामंजूर अर्जाची किंमत आहे.

उठा. पाच वर्षं पुढे, 23 ऑगस्ट 1914. बेल्जियममधल्या माँस शहराजवळ निमीचा पूल, खाली कालवा, पलीकडून येणारी जर्मन पलटण. पूल राखणाऱ्या बटालियनचा कमांडर म्हणून तुम्हाला कोण दिसतो? मॅकमहॉनच. सहा मशीनगन मागणारा माणूस, आणि त्याच्याकडे आहेत दोन. त्यांच्यामागे बसणारे एकामागून एक पडतात. मॉरिस डीझ हा तरुण लेफ्टनंट पुन्हा पुन्हा जखमी होऊनही गन चालू ठेवतो आणि मरतो. शेवटी सिडनी गॉडली नावाचा साधा शिपाई एकटा ती चालवतो आणि माघार पुरी झाल्यावर शत्रूच्या हाती सापडतो. त्या महायुद्धातले पहिले दोन व्हिक्टोरिया क्रॉस या दोघांचे. इंग्रजांच्या रायफलींचा मारा इतका जलद होता की जर्मनांना समोर मशीनगनच आहेत असं वाटलं, ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत हमखास येते. मला ती जरा जास्तच गोड वाटते. मॅकमहॉन स्वतः 11 नोव्हेंबरला ईप्रजवळ मारला गेला.

आता आपली माणसं भेटतील. 22 नोव्हेंबर 1915, बगदादच्या अलीकडे टायग्रिसकाठचं सलमान पाक, इंग्रजी नकाशावर टेसिफॉन. पहाटेचं धुकं विरलं की क्षितिजावर ताक-कस्राची प्रचंड जुनी कमान दिसते. ती सोडली तर उभं असं काही नाही. जमीन तव्यासारखी सपाट. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी आहेत, 103, 110 आणि 117. तुम्ही 103च्या मागोमाग निघाला आहात. आजूबाजूला सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. समोर तुर्कांचे खंदक.

रायफलच्या नळीवरची माप-पट्टी 2000 यार्डांपर्यंत जाते. डाव्या अंगाला आणखी एक तबकडी आहे, ती 2800 यार्डांसाठी: सगळ्या कंपनीने मिळून दूरच्या फौजेवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा, या जुन्या कल्पनेची खूण. दूरवर मृगजळ हलतंय, माणूस तिथे खांबासारखा लांब दिसतो आणि मधेच पाण्यात बुडाल्यासारखा नाहीसा होतो. काय नेम धरणार? तुर्कांचं बरं आहे. ते खंदकात, नेमाचं अंतर आधीच मोजलेलं, हातात माउझर. तुम्ही उघड्यावर चालताय. हवेतून ‘सुंई’ असा आवाज गेला तर गोळी वरून गेली. चाबकासारखी कडाडली तर जवळून. तिसरा आवाज ज्याच्यासाठी होतो त्याला तो ऐकू येत नाही.

पडा. बोल्ट चालवा. पाऊच झपाट्याने हलका होतोय. मागून हवालदाराचा आवाज येतो.

‘गोळ्या जपून रं! खेचरं लई मागं ऱ्हायलीत.’

हाईथच्या त्या पट्टीला तुम्ही हसला होतात. इथे तिची दुसरी बाजू आहे. .303चं एक काडतूस साधारण 25 ग्रॅमचं, शंभर काडतुसं म्हणजे अडीच किलो. ती आगबोटीने बसऱ्याला, तिथून नदीने वर, पुढे खेचराच्या पाठीवर, शेवटी माणसाच्या कमरेला. मिनिटाला पंधराच्या वेगाने ही शंभर काडतुसं सात मिनिटंही पुरत नाहीत. काटकसर सांगणारा प्रत्येक साहेब मूर्ख नव्हता. त्याला खेचरांची संख्या ठाऊक होती.

आणि थोडं डावीकडे सरकून मॅक्झिम गन पाहा. हायरम मॅक्झिमने 1884 च्या सुमाराला काढलेली युक्ती अशी: गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते, त्या धक्क्यालाच कामाला लावायचं. तोच रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, नवी गोळी आत ओढतो, घोडा चढवतो. तुम्ही बोट दाबून ठेवलं की कापडी पट्ट्यातल्या अडीचशे गोळ्या अर्ध्या मिनिटात जातात. नळी वितळू नये म्हणून तिच्याभोवती पितळी पिंप, त्यात चारेक लिटर पाणी. दोन-तीन पट्टे झाले की पाणी उकळतं आणि वाफ निघू लागते. वाफ दिसली की शत्रूला तुमची जागा दिसली. पाणी भरत राहावं लागतं, आणि या मैदानात ते फक्त माणसांच्या बाटल्यांत आहे. गनला पाजायचं की जिभेला, हा प्रश्न इथे अलंकारिक नाही.

दिवस मावळेपर्यंत पहिले खंदक हाती येतात आणि डिव्हिजन मोडते. तीन दिवसांत मेलेले-जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास. उरलेले कुत गावापर्यंत मागे हटतात, तिथे वेढ्यात अडकतात आणि 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने शरण जातात. ती वेगळी कहाणी आहे, तिच्यात बंदुकीपेक्षा घोड्याचं मांस आणि जवाची भाकरी महत्त्वाची.

त्याच 1916च्या जानेवारीत नव्या रायफलींवरून ती कट-ऑफ पट्टी गेली. कोणाला साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. लाखोंनी रायफली बनवायच्या होत्या आणि एक भाग कमी म्हणजे तेवढं काम कमी. दूरच्या माऱ्याची तबकडीही गेली. दर पलटणीला दोन गनांचा कोटा तर कधीच मोडला होता. डोक्यावर 47 गोळ्यांची थाळी घेऊन फिरणारी लुईस गन आली, म्हणजे एक माणूस खांद्यावर टाकून पळू शकेल अशी मशीनगन. फ्रान्सच्या खंदकांत थांबू नका, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय.

मी तुम्हाला थांबवणार आहे ते अमृतसरला. 13 एप्रिल 1919, वैशाखी, दुपार कलत आलेली. तुम्ही जालियनवाला बागेच्या तोंडाशी असलेल्या बोळात उभे आहात. हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील की काय असं वाटतं. बोळाबाहेर दोन चिलखती मोटारी उभ्या आहेत, त्यांच्यावर मशीनगन. त्या आत शिरत नाहीत, रुंदी पुरत नाही. जनरल डायर त्या बाहेरच सोडतो आणि 50 रायफलवाले घेऊन आत जातो. हाईथच्या किनाऱ्यावर जी बंदूक तुमच्या हातात होती, तीच.

इथे रॅपिड फायर नाही. एकूण 1650 गोळ्या, सुमारे दहा मिनिटं. भागाकार करा: माणशी 33, म्हणजे मिनिटाला तीनच्या वर थोड्या. सैनिकाला नेम धरायला, बोल्ट ओढायला, गर्दी कुठे दाट आहे ते बघायला भरपूर वेळ आहे. घाबरलेला शिपाई गोळ्या उधळतो, ही ज्यांची भीती होती त्यांनी या मैदानात यावं. इथे कोणी गोळ्या उधळत नाही. मारा शिस्तीत चालतो आणि काडतुसं संपत आल्यावर थांबतो. 1650 हा आकडा पक्का आहे. मेलेल्यांचा सरकारी आकडा 379, आणि त्यावर तेव्हापासून वाद आहे. गोळ्यांचा हिशोब नीट ठेवला गेला, माणसांचा नाही.

पुढे या गोळीबाराच्या चौकशीसाठी बसलेल्या हंटर समितीसमोर मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड डायरला विचारतात की वाट रुंद असती, मोटारी आत गेल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या काय? बहुधा हो, असं तो सांगतो. एका बोळाच्या रुंदीमुळे त्या दिवशीची हत्यारं ठरली.

पंचवीस वर्षं ओलांडा. 10 जुलै 1944, इटली, वरच्या टायबर नदीचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ऊन, टेकड्या. सेक्शनच्या पुढे बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडचा.

आवाज आधी ऐका. जर्मनांकडे या वर्षी एमजी 42 आहे. मिनिटाला बाराशे, म्हणजे सेकंदाला वीस गोळ्या. एवढ्या वेगात कानाला सुटे बार ऐकू येत नाहीत, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा एकच आवाज येतो. ती डोबेल्न गावातल्या पत्र्याच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्याने काढली. पोलादाचा ठोकळा कोरत बसण्याऐवजी पत्रा ठोकून, दाबून बनवलेली. म्हणून स्वस्त आणि झटपट. तापलेली नळी काही सेकंदांत बदलता येते, पाण्याचं पिंप गेलं. आणि जर्मनांनी काडतुसांचा प्रश्न उलटा करून टाकलाय: त्यांच्या तुकडीत मशीनगन हीच मुख्य, रायफलवाले तिच्यासाठी गोळ्या वाहणारे. मराठ्यांच्या सेक्शनमध्ये ब्रेन गन आहे. चेक कारागिरांची मूळ रचना, एनफिल्डला बनलेली, वाकड्या मॅगझीनची, मिनिटाला पाचशेच्या वेगाची, आणि नेमाला फार चांगली. ब्रेनवर हात बसलेल्या माणसाला एमजी 42 उधळी वाटते, आणि तिच्यासमोर पडलेल्याला तसं अजिबात वाटत नाही.

घाडगे यांच्यासमोर नेमकी कोणती गन होती ते महत्त्वाचं नाही. ती अगदी जवळून सुरू झाली. काही क्षणांत त्यांच्यासोबतचे सगळे पडले, मेलेले किंवा जखमी. एकटे घाडगे उभे. ते मागे फिरत नाहीत, थेट गनवर धावतात. एक हातबॉम्ब, गन आणि चालवणारा दोन्ही बंद. हातातल्या टॉमीगनने आणखी एक. मग मॅगझीन संपतं.

टॉमीगन हे जवळच्या झटापटीचं हत्यार. पिस्तुलाची गोळी, पण सलग सुटणारी, आणि म्हणून पेटी डोळ्याचं पातं लवेतो रिकामी होणारी. नवी पेटी बसवायला दोन-तीन सेकंद लागतात. ते घाडगे यांच्याकडे नाहीत. ते बंदूक नळीकडून धरतात आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार करतात. त्यानंतर दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या गोळ्या त्यांना लागतात, छातीत आणि पाठीत. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

याच वेळी जर्मनीत एक वाद मिटत आलाय. बहुतेक झुंजी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात, मग दोन हजार मीटर जाणारी दांडगी गोळी शिपायाने वाहायची कशाला? गोळी आखूड करा, दारू कमी करा. धक्का कमी होईल, माणूस जास्त गोळ्या वाहू शकेल, आणि रायफल सलग चालवली तरी हातात राहील. हिटलरने सुरुवातीला नकार दिला. नवं काडतूस म्हणजे साऱ्या साठ्याचा घोळ. अधिकाऱ्यांनी ती नवी रायफल मशीन-पिस्तुलाच्या नावाखाली बनवत ठेवली. शेवटी तो राजी झाला आणि तिचं बारसं झालं: श्टुर्मगेवेअर 44. युद्ध तोवर हातचं गेलं होतं.

रशियनांनी हाच विचार आपल्या परीने केला. 1943 ला आखूड काडतूस, आणि 1949 ला सैन्यात रुजू झालेली कलाश्निकोव्हची रायफल. इझेव्हस्कच्या कारखान्यात ती हातात घ्या आणि उजव्या बाजूचा लांब पत्र्याचा खटका बघा. वर असला की बंदूक बंद. खाली ओढला की पहिल्या टप्प्यावर काय लागतं? सलग मारा. एकेक गोळीचा टप्पा त्याच्याही खाली, सगळ्यात शेवटी. पाश्चात्त्य रायफलींत बहुधा उलटं: आधी एकेक, मग सलग. भांबावलेला रशियन शिपाई खटका खाडकन तळाला नेईल आणि आपोआप एकेकवर येईल, असा त्यावर एक खुलासा देतात. असेलही. पण हाईथहून आलेल्या तुमच्या अंगठ्याला हा खटका नक्कीच वेगळा लागेल. शिपाई गोळ्या उडवणार, हे इथे गृहीत आहे. म्हणून काडतूसच सोळा-सतरा ग्रॅमवर आणलं.

नाटोवाल्यांनी हे शहाणपण दाराशी आलेलं परत पाठवलं. ब्रिटनने 1951 मध्ये आखूड गोळीची नवी रायफल मंजूरही केली होती. अमेरिकेला पूर्ण ताकदीचं काडतूस हवं होतं, चर्चिल सत्तेवर आले आणि ती रद्द झाली. त्याऐवजी बेल्जियमची एफएएल आली, दांडग्या 7.62 गोळीची. सलग मारा केला तर ती खांद्यावर टिकत नाही, म्हणून ब्रिटिशांनी आपल्या रायफलीतून सलग माऱ्याची सोयच काढून टाकली. आपली एसएलआर त्याच घराण्यातली. तीही एकेक गोळीचीच. पट्टी पुन्हा आली.

पण एसएलआर यायच्या आधी एक पहाट आहे. 20 ऑक्टोबर 1962, भारत-चीन सीमेवरचं नमका चू. डोंगर, थंडी, अंगावर सुती कपडे. बोल्टला हात लावला की कातडी चिकटते. ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ब्रिगेडमध्ये माणशी 50 गोळ्या आहेत. हातात तीच ली-एनफिल्ड. निमीच्या पुलावरची, सलमान पाकची. समोरून येणाऱ्या चिनी शिपायांकडे स्वतःहून भरणाऱ्या रायफली. तुम्ही बोल्ट मागे घेता तेवढ्यात समोरच्याच्या दोन-तीन गोळ्या सुटलेल्या असतात. 50 गोळ्या संपायला वेळ लागत नाही, आणि संपल्या की खाली दरीतून वर येणारं काही नाही. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद होतात. याबद्दल त्यांनी पुढे रागाने लिहिलं, आणि तो राग साधार आहे. पण बोल्ट-रायफल हे त्या पराभवाचं एकच कारण म्हणणं मला पटत नाही. चांगली बंदूक 50 गोळ्यांसह दिली असती तर ती आणखी लवकर रिकामी झाली असती.

त्या धक्क्यानंतर हुगळीकाठच्या इशापूर कारखान्यात दोन कामं शेजारी शेजारी चालू होतात. एकीकडे एसएलआर, बेल्जियमला न विचारता नमुन्यांवरून उतरवलेली. पुढे त्यांनी तक्रार केली आणि खरेदी करून समेट झाला. दुसरीकडे जुन्या ली-एनफिल्डलाच नव्या 7.62 काडतुसासाठी बनवतात, बारा गोळ्यांच्या चौकोनी मॅगझीनची. या दुसऱ्या रायफलीची माप-पट्टी हातात घेऊन बघा. आधीच्या रायफलींवर शेवटचा आकडा 2000. पुढे ज्या पट्ट्या बनल्या त्यांवर शेवटचा आकडा 800. जर्मनांनी जे ओळखलं होतं ते इशापूरच्या कारागिराने छिन्नीने कोरून टाकलं.

मग इन्सास रायफल, 5.56ची, बारा ग्रॅमचं काडतूस. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझीन तडकल्याच्या तक्रारी आल्या. खटक्यावर एकेक गोळी आणि तीन गोळ्यांचा झटका. सलग मारा नाही. अमेरिकनांनी व्हिएतनामनंतर आपल्या एम16 वर हेच केलं होतं, कारण एकच, गोळ्या वाया जातात.

शेवटचा थांबा बोरीबंदर, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. 26 नोव्हेंबर 2008, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत फरशीवर लोक पथाऱ्या पसरून बसलेत. दोन पोरं, पाठीवर पिशव्या, हातात कलाश्निकोव्ह. समोर रेल्वेचे पोलीस. काहींच्या हाती लाठी, काहींच्या हाती बोल्ट-रायफल. रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडतात, आणि नंतर हाताला लागेल ती खुर्ची उचलून फेकतात. बोल्टची मूठ वर, मागे, पुढे, खाली. हाईथला तुम्ही शिकलात तेच चार टप्पे, फक्त समोर आता मिनिटाला सहाशेच्या वेगाने चालणारी बंदूक.

नंतर राम प्रधान समिती चौकशीला बसते. तिच्या अहवालात शस्त्रांच्या जोडीने आणखी एक नोंद आहे: काडतुसांच्या तुटवड्यामुळे मुंबई पोलिसांचा गोळीबाराचा सराव बराच काळ झालेला नव्हता. पोलिसांच्या कुठल्याही फायरिंग रेंजवर संध्याकाळी गेलात तर शिपाई वाकून गवतातून पितळी पुंगळ्या वेचताना दिसतील. जेवढ्या झाडल्या तेवढ्या मोजून जमा कराव्या लागतात, एखादी कमी भरली तर कागद रंगवावे लागतात.